वाळ्याच्या मागचा वास

नागपूर,
एप्रिलचा पहिला सोमवार

प्रिय मुकुंद,

रितिका हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा सोबत एक छोटी बाटलीही देईल. पत्र वाचून होईपर्यंत बाटली उघडू नकोस, एवढं माझं ऐक. रितिका आमच्या गल्लीतली मुलगी, तुझ्या लेस्टरलाच शिकायला आहे. सुट्टीत आली होती, परवा परत निघते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतोस, मी त्याचं उत्तर देत बसते आणि जे सांगायचं ते राहून जातं. शिवाय जे सांगायचं आहे ते सांगताना माझा चेहरा तुला दिसावा असं मला वाटत नाही.

इकडे ऊन लागलं. वाडीच्या आमच्या कारखान्याचा हा हंगाम. बर्फाचे गोळेवाले, सरबतवाले, आइस्क्रीमवाले, सगळ्यांना एसेन्स याच महिन्यात हवं असतं आणि बहुतेकांना संत्र्याचंच हवं असतं. अमरावती रोडवरून गोदामांच्या गल्लीत वळलं की आमची पाटी दिसायच्या आधी वास येतो. नवा ट्रकवाला पत्ता विचारायला लागला की चौकीदार त्याला सांगतो, वासावरून ये. मला मात्र तो वास कित्येक वर्षांत आलेला नाही. गौरांग होता तेव्हा मी संध्याकाळी दार उघडलं की पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, संत्री आली वाटते. मी साडीचा पदर नाकाशी नेऊन बघायची. काही नाही. रोज ज्याच्यात उभं राहायचं ते नाकाला कळेनासं होतं. हे तुझ्यासाठी लिहून ठेवते आहे, पुढे लागेल.

तुझा फोन ऑक्टोबरमध्ये आला. इतक्या वर्षांनी. तुझी बायको मिनल गेल्याचं मला आपल्या वर्गातल्या कोणाकडून तरी कळलं होतं, गौरांग गेल्याचं तुला कळलेलं नव्हतं. मग तू सिगारेटचं सांगितलंस. मिनलच्या आजारपणात ती वाढली, डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून दम दिला आणि तू त्या वाफेच्या यंत्रावर, ई-सिगारेटवर आलास. त्याचं लिक्विड घरीच बनवतोस, निकोटीन थोडं थोडं कमी करत शेवटच्या पायरीवर आणलंस, पण तिथे अडकलास. दुकानातले फ्लेवर लहान मुलांच्या चॉकलेटसारखे लागतात, म्हणालास. आणि मग जरा थांबून विचारलंस, अरू, तू वासाचंच काम करतेस ना, तुमच्या समोरच्या खोलीतल्या कूलरचा वास मला करून देशील का. एप्रिलमधला, दुपारचा. तो जमला तर निकोटीन शून्यावर आणतो, आणि मग महिनाभरात ते यंत्रही कचऱ्यात.

मी हसले, तू पण हसलास. आता आडपडदा कशाला ठेवू. मला वाटलं, तू कूलरचं नाव काढून माझं नाव घेतो आहेस.

तसं वाटायला कारणही होतं. हॉस्टेलच्या पत्र्याखालच्या खोलीत अभ्यास होत नाही म्हणून तू आठवड्यातून दोन दुपारी आमच्याकडे येत होतास. रामटेकजवळच्या तुझ्या गावाहून एकदा चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन आलास तेव्हा आई आत जाऊन म्हणाली होती, हा मुलगा निव्वळ अभ्यासाला येत नाही. मी ते ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं पुरवून वापरलं. तू इंग्लंडला गेलास, पत्रं आली, मग कमी झाली. मी वर्षभर वाट बघितली, मग गौरांगचं स्थळ आलं. तो चांगला माणूस होता, संसार चांगला झाला. पण एखादी जागा आत राहून जाते आणि तिच्यावर कोणी बसत नाही, तसं ते होतं.

तर मी कामाला लागले. कारखान्यात वासाचे तयार रेणू डब्यांतून येतात, दोन थेंब इकडे, चार तिकडे, की झालं. हे मला तसं करायचं नव्हतं. इतवारीच्या बाजारातून वाळ्याची मुळं आणली, धुऊन, सावलीत वाळवून, कात्रीने बारीक कापली आणि खाण्याच्या ग्लिसरीनमध्ये बुडवून काचेच्या बरणीत ठेवली. रोज ती बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून हलवायची. तीन आठवड्यांनी गाळायची, आधी मलमलीतून, मग कागदातून. मग फ्रीजरमध्ये ठेवून वर जो मेणचट थर येतो तो काढून टाकायचा. तेलाचा अंश राहता कामा नये. जे पोटात चालतं ते फुप्फुसात चालतंच असं नाही, आणि तेल तर तिथे मुळीच नको. तुला हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इथे तुझ्या यंत्रावर बंदी आहे, ते बाळगताही येत नाही, तेव्हा मी स्टीलच्या वाटीत दोन थेंब टाकून वाटी गरम पाण्यावर धरायची आणि वाफ नाकाशी घ्यायची. शेजारच्या मेघाने एकदा खिडकीतून बघितलं आणि विचारलं, काकू, सर्दी झाली का.

पहिली बाटली दिवाळीनंतर तुझ्या ओळखीच्या कोणाबरोबर पाठवली. तुझं उत्तर आलं, साबण. मी मनाला लावून घेतलं नाही. कूलरमध्ये नुसता वाळा कुठे होता? ती टाकी जीआय पत्र्याची होती, बाबांनी वेल्डरकडून करून घेतलेली, कडेला गंजलेली. बाजूच्या ताट्यांमध्ये वाळ्याखाली लाकडाचा भुसा भरलेला असायचा. म्हणून दुसऱ्या वेळी देवदाराची ढलपी घातली, तिसऱ्या वेळी कोऱ्या माठाचा तुकडा भिजवून त्याचं पाणी घेतलं. तू म्हणालास, आता अगदी दारापर्यंत आलो, पण आत जाता येईना. वाळ्याच्या मागे अजून काहीतरी आहे. कडवट, पण कडू नाही. जरा गोडसर, पण गोड नाही. मी कडुनिंबाचा पाला भिजवून पाठवला. त्यावर तू जे उत्तर लिहिलंस ते मी अजून पुसलेलं नाही: अरुंधती, तू मले मारायचं ठरवलं का वं.

हिवाळा असा गेला. रविवारी दुपारी तुझा फोन येणार म्हणून मी सकाळीच न्हाऊन बसायला लागले. सुनेने पुण्याहून विचारलं, आई, आवाज बरा वाटतो आजकाल. जानेवारीत मी पासपोर्ट नवा करून घेतला. मुलाला सांगितलं, असू द्यावा. हा वास जमला की मी स्वतः घेऊन येणार होते, कोणाच्या हाती पाठवणार नव्हते. ती बाटली तुझ्या टेबलावर ठेवून तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यापुढचं ठरवायला मी घाबरत होते.

आता तारा. तुला ती आठवते का, हे मी कधी विचारलं नाही आणि तूही कधी तिचं नाव काढलं नाहीस. माझी धाकटी बहीण, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आपण समोरच्या खोलीत थर्मोडायनॅमिक्स घेऊन बसायचो आणि ती मागच्या अंगणातून बादल्या आणून कूलरच्या टाकीत ओतायची. नळाची नळी तिथपर्यंत पोचत नव्हती. ती आत आली की आपण पाय वर घ्यायचो, पाणी ओतून झालं की खाली सोडायचो, बोलणं चालूच. ती अजून धंतोलीच्या त्याच घरात राहते. शाळेत गणित शिकवते. आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं. स्थळं आली होती, तिने एकाही ठिकाणी होकार दिला नाही, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की तारा फार चिकित्सक आहे. कोणी कारण विचारलं नाही. मीही नाही. ती विनोद करून विषय बदलते, आणि तिचे विनोद चांगले असतात.

मार्चअखेर हंगामाआधी कारखान्यातली यंत्रं दुरुस्तीला काढली, आठवडाभर आम्ही सगळे घरी होतो. त्या आठवड्याच्या शेवटी, रविवारी, मी ताराकडे गेले. फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की मुकुंदचा व्हिडिओ कॉल येणार आहे, तुझ्याकडूनच बोलीन, त्याला ती खोली दाखवीन. दार उघडं होतं. कूलर लावलेला होता, नव्या ताट्या, पंपाचा तोच किरकिर आवाज. मी उंबऱ्यातच थांबले. वाळ्याच्या मागे काहीतरी होतं. कडवट, पण कडू नाही. आठ दिवस मी कारखान्यात गेले नव्हते, मुकुंद. माझं नाक उघडलं होतं, आणि त्या नाकाला जे कळलं ते या शहरातल्या शेंबड्या पोरालाही पहिल्या दिवशी कळलं असतं. संत्र्याची वाळलेली सालं.

नागपूरचे आपण दोघं. एकाचा जन्म जिल्ह्यातला, दुसरीचा पगार संत्र्यावर. माठ शोधला, देवदार शोधला, कडुनिंबावर चढले, आणि हे सुचलं नाही. तुला वाटत असेल की ताज्या फळाचा वास निराळा असतो. असतो, वाळल्यावर सालीतला गोडवा मागे जातो आणि औषधासारखं काहीतरी पुढे येतं. पण खरं कारण ते नाही. जे रोज हाताखाली असतं ते शोधायच्या यादीत येत नाही.

मी कूलरचं मागचं झाकण उघडून बघितलं. टाकीत एक मलमलीची पोटली सुतळीने बांधून सोडलेली होती, आत सालं. तारा स्वयंपाकघरातून पोहे परतत म्हणाली, डास होतात म्हणून टाकते. मी म्हटलं, पोटलीत कशाला, नुसती टाकायची. त्यावर ती म्हणाली, नुसती टाकली की पंपात अडकतात, तुले आठवत नाही का, बाबा किती चिडायचे.

आठवलं. बाबा संध्याकाळी बनियनवर कूलरपाशी बसून पंप उघडायचे आणि त्यातून सालीचे तुकडे काढायचे. हे कोण टाकतं म्हणून ओरडायचे, कोणी कबूल व्हायचं नाही. शेवटी त्यांनी त्याची गंमत करून टाकली. तुला ती सांगायची नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून तुला माहीत नाही. बाबा म्हणायचे, रामटेकचा पाहुणा येऊन गेला की आपला पंप बसलाच समजा. आम्ही सगळे हसायचो. ताराही हसायची. पायगुण, म्हणायचो. एवढ्या वर्षांत कोणाच्याही डोक्यात आलं नाही की पंप रोज का बसत नाही.

आणि तुझंही एक वाक्य आठवलं. एका दुपारी तू वहीतून डोकं वर काढून मोठा श्वास घेतलास आणि म्हणालास, “काहून वं, तुमच्या कूलरमंदी अत्तर टाकते का कोणी?” मी म्हटलं, खस आहे ती, अत्तर कशाला टाकू. मला वाटलं, तू माझ्याबद्दल बोलतो आहेस आणि लाजून कूलरवर घालतो आहेस. तेव्हा आतून बादली ठेवल्याचा आवाज आला होता, जरा जोरातच.

मी ताराला विचारलं, रोज टाकतेस का गं सालं. तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे न बघता पोह्यांवर झाकण ठेवत म्हणाली, “रोज काहून टाकू, ताई? रोज कोणी येऊन राहिलं का?”

मग तुझा फोन वाजला. तू मला खोली दाखव म्हणालास, मी फोन फिरवून दाखवली. खुर्ची, खिडकी, कूलर. तारा कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून उभी होती, हातात पाण्याची बादली. फोन फिरला तशी तीही फिरली. आमच्या घरात आता नळाची नळी कूलरपर्यंत पोचते, मुकुंद. बादलीची काही गरज नव्हती. तू विचारलंस, घरात आणखी कोणी आहे का, पाण्याचा आवाज आला. मी म्हटलं, तारा आहे. तू म्हणालास, अजून तीच भरते का पाणी. तुझ्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं नाही असं म्हणू शकत नाही, पण त्याला नावही देऊ शकत नाही. ते तुझं तुलाच बघावं लागेल. तुझ्या त्या वाक्यानंतर तिने बादली खाली ठेवली आणि पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

त्या दिवशी घरी येताना मी ऑटो सदरपाशीच सोडली आणि उरलेला रस्ता उन्हातून चालत आले. मला राग आला असेल असं तुला वाटेल. आला होता, पण कोणावर धरावा ते कळेना. तिने माझं काही घेतलं नव्हतं, पाण्यात सालं टाकली होती, एवढंच. तू काही खोटं बोलला नव्हतास, तुला आवडलेला वास तू मागितलास. मीच तो माझा धरून बसले. एका अर्थाने तो थोडा माझाही आहे, कारण त्या खोलीत मी होते, तुझ्या समोर बसलेली, आणि त्याच हवेत श्वास घेत होते. तेवढं माझ्याकडे राहू दे. रविवारी न्हाऊन बसायचे ते महिनेही राहू देत. ते मी कोणाला परत करणार नाही.

मी असंही म्हणत नाही की तू तेव्हा तारासाठी येत होतास. तुला तेव्हा तिचा चेहराही नीट माहीत नसेल. पण तू जे इतकी वर्षं सोबत नेलंस, मिनलच्या घरात, परक्या थंडीत, ते मी दिलेलं नव्हतं. ते कोणी टाकलं हे कळण्याचा तुझा हक्क आहे, आणि तिचाही.

बाटलीत काय आहे ते आता सांगते. ताराच्या पोटलीतली सालं मी मागून आणली, चेहऱ्याला लावायला हवीत असं सांगून. वाळा, देवदार, माठाचं पाणी हे आधीचं तयार होतं, त्यात ती सालं आठवडाभर भिजवली. वास जमला आहे, त्यात शंका नाही. पण सालीत तेल असतं, कितीही गाळलं, गोठवलं तरी थोडं राहतंच, आणि ते मी तुझ्या छातीत जाऊ देणार नाही. तेव्हा यंत्रात हा एक थेंबही घालायचा नाही. नुसतं झाकण उघड, वास घे, परत लाव. तुझ्या यंत्रासाठी हा फ्लेवर होत नाही, मुकुंद. मी करून बघितलं. तो फक्त त्या खोलीत बसून घेता येतो.

नुसती बाटली पाठवून खाली ‘सापडला’ एवढंच लिहिता आलं असतं. तू माझे आभार मानले असतेस, मी विमानाचं तिकीट बघितलं असतं, आणि ताराने पुढच्या वर्षीही कोणी येणार असलं की पोटली बांधली असती. दोन दिवस मी तेही करून बघावं म्हणून बसले होते. मग हे पत्र लिहायला घेतलं. मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही, आणि कळलं तर ती माझ्याशी पावसाळाभर बोलणार नाही, ते मी बघून घेईन. तू ये. मृग लागायच्या आत ये, एकदा पाऊस आला की कूलर निघतो. माझ्याकडे उतरू नकोस, धंतोलीलाच ये, त्या खुर्चीवर बस आणि तुझं तुला काय कळतं ते बघ. काही कळलं नाही तर चहा पिऊन, रामटेकला जाऊन परत जा, कोणी काही म्हणणार नाही. फक्त येणार असशील तो दिवस मला नको, ताराला कळव, आणि आदल्या दिवशीच कळव. सालं भिजायला वेळ लागतो.

तुझीच, आणि ताराची ताई,
अरुंधती